गांवच्या पाण्याचा जमाखर्च

कणगींत धान्य किती उरलें हें पाहिल्यावांचून शहाणी गृहिणी पाहुण्यांस आमंत्रण देत नाहीं. परंतु आमचीं कित्येक गांवें शिल्लक न पाहतांच पाणी खर्चितात. मग वैशाखांत टँकरपुढें हंड्यांची रांग लागते. ही आपत्ति टाळावयाची असल्यास गांवानें आपल्या पाण्याचा जमाखर्च स्वतः मांडला पाहिजे.

प्रथम जमा पाहूं. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी मिळतें. समजा, ५०० हेक्टरांच्या शिवारांत ७०० मिलिमीटर पाऊस झाला. तर जमा ३५० कोटी लिटर. आतां खर्च. दरडोई रोज ५५ लिटर धरल्यास १,५०० वस्तीस वर्षाकाठीं सुमारें ३ कोटी लिटर लागतात. म्हणजे जमेचा शंभरावा भागहि नव्हे! मग तहान कां? कारण पुष्कळ पाणी वाहून जातें, कांहींची वाफ होते, आणि मुरलेलें पिकांसाठीं उपसलें जातें.

यास्तव पाऊस, विहिरींची पातळी, पिकांचें क्षेत्र, माणसें व गुरें यांची नोंद गांवकऱ्यांनींच ठेवावी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मोताळा तालुक्याचें सिंदखेड गांव पहा. पानी फाउंडेशनच्या २०१८ सालच्या जलस्पर्धेंत त्यानें महाराष्ट्रांत दुसऱ्या क्रमांकाचा मान विभागून मिळविला. अशा कामांत जमिनीचा उतार आधीं मोजतात व मगच कुदळ मारतात; कारण चुकीच्या रेषेंत खणलेला चर पाणी अडवीत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें ग्रामसभा दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडते. पिण्याचें पाणी प्रथम राखून ठेवावयाचें आणि उरेल त्यावरून पिकें ठरवावयाचीं, असा तेथील नियम आहे. ऊंस व केळी यांस तेथें मज्जाव आहे.

विद्यार्थीमित्रांनो, ह्या कामीं तुमचें गणित गांवाच्या उपयोगीं पडेल. शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक ठेवा व रोज सकाळीं नोंद करा. दर महिन्यास वडील माणसांसमवेत विहिरींवर जाऊन काठापासून पाण्यापर्यंतचें अंतर दोरीनें मोजा, आणि तें कोष्टक ग्रामसभेंत ठेवा. पालकांनींहि तें आस्थेनें पहावें; कारण रब्बीस गहूं पेरावा कीं हरभरा, ह्याचें उत्तर त्यांत सांपडेल.

प्रभूनें बुरूज बांधणाराचा दृष्टांत दिला, तो आधीं हिशेब करण्याविषयींच होता. गांवाची उभारणी करणारांनीं तो विसरूं नये.