फक्त दहा मिनिटे

[विडी-सिगारेट ओढणे आरोग्यास घातक आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही ही सवय सहजासहजी सुटत नाही. ती का सुटत नाही आणि तिच्या जागी कोणत्या चांगल्या सवयी लावता येतात, हे लेखकाने या पाठात आपल्या मामूंच्या उदाहरणावरून सांगितले आहे.]

माझे बालपण मालेगावात गेले. आमच्या मोहल्ल्यात रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट चालू असे. माझे मामू एका कारखान्यात माग चालवत. कामावरून घरी आले, की ते मला हाक मारत, "बेटा, टपरीवरून विडीचे बंडल घेऊन ये. उरलेल्या पैशांची गोळी घे." मी आनंदाने धावत जाई. लिमलेटच्या गोळीपुढे मला विडीचा धूर कधी दिसलाच नाही.

पुढे मामूंना खोकला जडला. जिना चढताना ते मध्येच थांबू लागले. डॉक्टरांनी बजावले, "विडी बंद करा." मामूंनी तीनदा विडी सोडली आणि तीनदा पुन्हा धरली. मला वाटे, मामू मनाचे कच्चे आहेत. पण माझी समजूत चुकीची होती.

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धुराबरोबर ते काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. ओढणाऱ्याला थोडा वेळ बरे वाटते. त्याचा अंमल उतरला, की मेंदू पुन्हा निकोटीन मागतो. या मागणीला आपण उर्दूत 'तलब' म्हणतो. मराठीत तिला 'तलफ' म्हणतात. शिवाय चहा आला की विडी, जेवण झाले की विडी, मित्र भेटला की विडी, अशी सवय हाताला आणि तोंडाला लागते. म्हणजे विडी सोडणाऱ्याला एकाच वेळी दोन शत्रूंशी लढावे लागते. एक शत्रू शरीरातली तलफ आणि दुसरा रोजची सवय.

तंबाखूच्या धुरात ७००० हून अधिक रसायने असतात. त्यांपैकी सुमारे ७० रसायने कर्करोगाला कारण ठरतात. विडी तेंदूच्या पानाची असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा बरी, असे काही लोक म्हणतात. हे मुळीच खरे नाही. तिचा धूरही तितकाच घातक असतो.

मामूंची विडी अखेर सुटली ती रमजानच्या महिन्यात. रोजा असताना पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत धूम्रपान करता येत नाही. मामू दिवसभर विडीवाचून राहत; पण इफ्तार व मगरिबची नमाज झाली, की लगेच काडी पेटवत. एका संध्याकाळी नानी त्यांना म्हणाल्या, "बेटा, दिवसभर सब्र केलास. आता आणखी फक्त दहा मिनिटे कर."

मामू हसले. त्यांनी विडी खिशात ठेवली आणि मला घेऊन ते मोसम नदीच्या पुलापर्यंत फिरायला निघाले. परत येईपर्यंत तलफ ओसरली होती. त्या दिवशी मामूंना एक मोठी गोष्ट कळली. तलफ लाटेसारखी येते आणि बहुधा पाच-दहा मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ निभावून न्यायचा असतो. ती पुन्हा येते, पण दिवसेंदिवस तिचा जोर कमी होत जातो.

ही दहा मिनिटे नुसते बसून काढणे कठीण असते. हात रिकामा राहिला, की तो खिशाकडे जातो. म्हणून मामूंनी विडीच्या जागी दुसऱ्या गोष्टी आणल्या. तलफ आली, की ते पेलाभर पाणी घोट घोट पीत. दोन-चार वेळा खोल श्वास घेऊन सावकाश सोडत. बडीशेप, वेलची किंवा लवंग तोंडात ठेवत. कधी मिसवाक करत, तर कधी मूठभर फुटाणे खात. विडीचे बंडल, काडेपेटी आणि राखेची वाटी त्यांनी घराबाहेर काढली. कारखान्यात सुट्टी झाली, की ते विडी ओढणाऱ्यांच्या घोळक्यात न जाता, न ओढणाऱ्या सोबत्यांबरोबर चहा घेऊ लागले. विडीचे वाचलेले पैसे ते रोज एका डब्यात टाकत. ईदच्या आदल्या दिवशी त्यांनी तो डबा उघडला आणि त्यातून मला नव्या चपला आणल्या.

पहिला आठवडा मात्र फार जड गेला. मामू चिडत, त्यांना रात्री झोप लागत नसे, डोके दुखे. विडी सोडल्यावर असा त्रास होतो आणि दोन ते चार आठवड्यांत तो बहुधा कमी होतो. हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते, तर आम्ही त्यांच्या चिडण्यावर रुसलो नसतो.

ईदनंतर एका लग्नात मित्रांनी आग्रह केला आणि मामूंनी एक विडी ओढली. दुसऱ्या दिवशी ते मान खाली घालून बसले. "सगळी मेहनत वाया गेली," असे म्हणू लागले. नानी म्हणाल्या, "पाय घसरला म्हणून कोणी वाट सोडतो का? ऊठ आणि पुढे चल." मामू उठले. त्यानंतर त्यांनी विडीला हात लावला नाही.

मित्रांनो, पर्याय निवडताना एक काळजी घ्यावी. काही लोक विडी सोडून सुपारी, गुटखा किंवा मिश्री धरतात. हे म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात पडणे होय. नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो. हुक्क्याचा धूर पाण्यातून गेला, तरी तो निर्धोक होत नाही. ई-सिगारेटवर तर भारतात २०१९ पासून बंदी आहे. खरी मदत हवी असेल, तर डॉक्टरांकडे जावे. ते निकोटीनचा च्युइंगगम किंवा औषध सुचवतात. १८००-११-२३५६ या विनामूल्य दूरध्वनी क्रमांकावरही तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो.

धूम्रपान सोडल्याचा फायदा लगेच सुरू होतो. वीस मिनिटांत हृदयाचे ठोके मंदावू लागतात. बारा तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे प्रमाण पूर्ववत होते. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो. इंग्लंडमधील रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ५० वर्षे हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या आरोग्याचा अभ्यास केला. त्यात दिसून आले, की सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षे आधी मरतात. तिशीत सिगारेट सोडली, तर जवळजवळ ही सर्व वर्षे वाचतात. साठीत सोडली, तरी सुमारे ३ वर्षे वाचतात. म्हणून "आता सोडून काय उपयोग?" असे कोणीही म्हणू नये.

तुम्ही काय कराल? सर्वांत सोपे म्हणजे पहिली सिगारेट हातात घेऊच नका. जी सवय लागलीच नाही, ती सोडावी लागत नाही. मित्राने आग्रह केला, तर सरळ "नको" म्हणा आणि तेथून निघून जा. घरातील वडीलधारे कोणी विडी ओढत असतील, तर त्यांना टोचून बोलू नका. त्यांच्या हाती बडीशेपेची डबी द्या, त्यांच्याबरोबर फिरायला जा.

आणि मी जे काम आनंदाने केले, ते तुम्ही करू नका. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकणे गुन्हा आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आतही ते विकता येत नाहीत. कोणी विडी आणायला पाठवले, तर अदबीने सांगा, "चाचा, दुकानदाराला मला विडी देण्याची मनाई आहे. चला, तोवर आपण फिरून येऊ."

मामू आता नाना झाले आहेत. जिना ते अजूनही सावकाशच चढतात. इतक्या वर्षांच्या धुराने केलेले सारेच नुकसान भरून निघत नाही. पण रोज संध्याकाळी ते नातवाचे बोट धरून पुलापर्यंत जातात. त्यांच्या खिशात बडीशेपेची डबी असते. नातवाला ते टपरीवर कधीच पाठवत नाहीत.

शब्दार्थ
तलफ – तीव्र इच्छा, तलब
अंमल – नशेचा परिणाम
ओसरणे – हळूहळू कमी होणे
निभावून नेणे – कसेबसे पार पाडणे
पर्याय – एका गोष्टीच्या जागी दुसरी गोष्ट
निर्धोक – धोका नसलेले
अदबीने – आदराने
आगीतून निघून फुफाट्यात पडणे – एका संकटातून सुटून दुसऱ्या संकटात सापडणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाचे मामू कोणते काम करत?
(आ) विडी सोडणाऱ्याला कोणत्या दोन शत्रूंशी लढावे लागते?
(इ) मामूंनी डब्यातील पैशांतून काय आणले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तलफ आल्यावर मामू काय काय करत?
(आ) सुपारी किंवा हुक्का हा विडीला पर्याय का होऊ शकत नाही?
(इ) मामू नातवाला टपरीवर का पाठवत नसावेत?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा.
हाक मारणे, मान खाली घालणे, वाया जाणे

प्र. ४. कंसातील सूचनेप्रमाणे बदल करा.
(अ) मामू विडी ओढत नाहीत. (होकारार्थी करा.)
(आ) मी आनंदाने धावत जाई. (भविष्यकाळ करा.)

उपक्रम : धूम्रपान सोडलेल्या एखाद्या व्यक्तीला भेटा. त्यांनी ती दहा मिनिटे कशी काढली, ते विचारा आणि पाच ओळींत लिहा.