हात चालतो, मन बोलते

'मला कविता येत नाही', 'माझ्या अंगात कला नाही', असे तुम्ही कधी म्हटले आहे का? मग जरा आठवून पाहा. बाकावर बोटांनी ताल धरला नाही, असा तुमच्यात कोण आहे? धाकट्या भावाला मांडीवर झोपवताना तुम्ही काहीतरी गुणगुणताच ना? कला तिथूनच सुरू होते.

पूर्वी घरोघरी दगडी जाते असे. बायका पहाटे अंधारातच दळायला बसत. एका हाताने खुंटा धरून जाते फिरवायचे आणि दुसऱ्या हाताने त्यात मूठमूठ धान्य टाकायचे. काम मोठे कष्टाचे होते. पण जाते फिरू लागले, की त्याच्या घरघरीला ताल येई. अंग त्या तालावर डोलू लागे आणि तोंडातून ओवी बाहेर पडे. माहेरची आठवण, भावाची माया, सासरचा त्रास, सारे ओवीत येई. जे कोणाला सांगता येत नसे, ते बायका जात्याला सांगत.

हे केवळ मराठी घरांतच होत होते, असे नाही. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफी परंपरेत दख्खनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' अशी गीते रचली गेली. बायका दळताना आणि सूत कातताना ती गात. चक्की फिरे आणि तिच्याबरोबर अल्लाहचे नाव ओठांवर येई. भाषा वेगळी, पण हाताचा ताल एकच!

आता बहिणाबाई चौधरींची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी झाला. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरुणपणीच पती वारले आणि संसाराचा भार त्यांच्यावर पडला. पण शेतात राबताना, घरात दळताना त्यांना गाणी सुचत. त्या आपल्या बोलीतच ती गात. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यांतली काही गाणी ऐकून लिहून ठेवली.

१९५१ साली बहिणाबाई वारल्या. नंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि महाराष्ट्राला एक थोर कवयित्री मिळाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण जी गाणी कोणी लिहून घेतली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली.

आता पीठ गिरणीतून येते. जाते कोपऱ्यात पडले आहे. पण तुमचे हातपाय तर थांबलेले नाहीत! तुम्ही शाळेत चालत जाता, अंगण झाडता, कणीक मळता. या प्रत्येक कामाला एक ताल आहे. उद्या चालताना आपल्या पावलांचा आवाज ऐका. मनात येईल ती ओळ त्या तालावर म्हणा. मराठीत म्हणा, नाहीतर उर्दूत म्हणा. चुकली तरी हरकत नाही. रात्री ती वहीत लिहा.

आणखी एक काम करा. दादी किंवा नानी कोणते गीत गात होती, ते तिला विचारा आणि लिहून घ्या. हे काम उद्यावर टाकू नका.

शब्दार्थ
जाते – हाताने दळण्याची दगडी चक्की
खुंटा – जाते फिरवण्याचा लाकडी दांडा
माहेर – लग्न झालेल्या स्त्रीच्या आईवडिलांचे घर
राबणे – खूप कष्ट करणे

स्वाध्याय
१. बायका आपले मन जात्याला का सांगत?
२. बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत कशी पोहोचली?
३. घरातील एखादे काम करताना तुम्हाला सुचलेल्या चार ओळी लिहा.