कायदा केव्हा कायदा ठरतो?

कायदा कशास म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पंडितांचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर सामान्य नागरिकाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. १९५८ साली 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' या नियतकालिकात एच. एल. ए. हार्ट व लॉन फुलर या दोन विधिज्ञांत याच प्रश्नावर वाद झाला. तो अद्याप मिटलेला नाही.

वादात नाझी राजवटीतील एक प्रकरण पुढे आले. पतीने हिटलरविरुद्ध काढलेले उद्गार एका स्त्रीने १९४४ मध्ये अधिकाऱ्यांना कळविले व पतीस देहदंड सुनावला गेला. पुढे त्यास आघाडीवर पाठविण्यात आले. युद्धानंतर तिच्यावर खटला भरला गेला, तेव्हा आपले वर्तन तत्कालीन कायद्यास धरूनच होते, असा तिने बचाव केला. हार्ट यांच्या मते दुष्ट कायदा हाही कायदाच होय. तो पाळावा की नाही, हा नीतीचा स्वतंत्र प्रश्न. तिला शिक्षा करावयाचीच, तर पूर्वलक्षी कायदा उघडपणे करावा. फुलर यांना हे मान्य नव्हते. नियम प्रसिद्ध, स्पष्ट व पाळता येण्याजोगे असावेत आणि अधिकाऱ्यांनीही त्यांबरहुकूम वागावे. या अटी जेथे पार ढासळतात तेथे कायदाच उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारतातही हा प्रश्न उपस्थित झाला आहे. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये ठरावाने संमत झालेला अफूविषयक कायदा प्रसिद्धच झाला नव्हता. त्याखाली हरला नामक इसमास ५० रुपये दंड झाला. लोकांस कळविल्यावाचून कायदा अंमलात येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ती शिक्षा रद्द केली.

१९७६ मध्ये आणीबाणीत मात्र, स्थानबद्धास आपल्या सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येत नाही, असा निर्णय चार विरुद्ध एक मतांनी झाला. कायद्याच्या आधारावाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार शासनास नाही, हे न्यायमूर्ती हं. रा. खन्ना यांचे एकाकी मत होते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठासमोरील पुट्टस्वामी प्रकरणात तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरविण्यात आला.

ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेवर लागलेली नोटीस, सर्वांस समजेल असा आदेश आणि सर्वांस सारखा लावलेला नियम यांतूनच कायद्याचे राज्य गावापर्यंत पोहोचते. हार्ट यांचा इशाराही ध्यानी ठेवावा: आदेश कायदेशीर आहे एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही, त्याचा विचार ज्याचा त्यानेच करावा लागतो.