घराची किंमत आणि अंतराची किंमत

गृहकर्जाचा अर्ज भरताना ग्राहक घराची किंमत, व्याजदर आणि मासिक हप्ता यांचा बारकाईने विचार करतात. त्या घरातून रोज कामावर कसे जायचे, हा प्रश्न मात्र बहुधा गृहप्रवेशानंतरच समोर उभा राहतो.

वसाहतीची रचना आणि प्रवासाच्या सवयी यांचा संबंध समजून घेण्यास चंदीगडचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए यांनी या शहराच्या आराखड्याची सूत्रे हाती घेतली. सुमारे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब अशा सेक्टरमध्ये दुकाने, शाळा व उद्यान पायी जाण्याच्या अंतरावर असावे आणि वेगवान वाहतूक कडेने जावी, ही त्यामागील कल्पना. त्यामुळे भाजी आणणे, मुलांना शाळेत पोहोचविणे पायी शक्य होते. परंतु सचिवालय शहराच्या उत्तर टोकाला, मुख्य व्यापारी केंद्र सेक्टर १७ मध्ये आणि वस्ती विरळ. साहजिकच नोकरीसाठी अनेकांना वाहन लागते. लोकसंख्येच्या प्रमाणात मोटारींच्या संख्येत हे शहर देशात आघाडीवर गणले जाते. दुकान जवळ असणे आणि कामाचे ठिकाण जवळ असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

येथे एक सावधगिरी हवी. चालण्याची आवड असलेली माणसे मुळातच तशी वसाहत निवडतात. म्हणून केवळ घर बदलल्याने सवय बदलेलच असे नाही. तथापि सोयच नसेल, तर आवडही व्यर्थ ठरते.

आता हिशेब पाहू. समजा, दूरचे घर आठ लाखांनी स्वस्त आहे. वार्षिक ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी तेवढ्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ६,९४० रुपये होतो. त्या घरामुळे रोज येण्याजाण्यात ४० किलोमीटर वाढले, तर २५ दिवसांत १,००० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस, पेट्रोल १०५ रुपये धरल्यास, ७,००० रुपये लागतील. बचत तेथेच संपली! रेल्वे वा बस सोयीची असल्यास मात्र हेच गणित दूरच्या घराच्या बाजूने झुकेल.

रोजचा एक तास अधिक गेला, तर महिन्याचे २५ तास जातात. त्यांची नोंद कोणत्याही खातेपुस्तकात होत नाही. म्हणून घर निश्चित करण्यापूर्वी कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, तो प्रवास एकदा स्वतः करून पाहावा.