बाहेरचं पिस्टन-किट बसवताना

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेली झाडं कापायला लोकांनी मिळेल ती चेनसॉ घेतली. त्यातल्या बऱ्याच पुढे इंजिन जाम होऊन माझ्या टेबलावर आल्या, अजूनही येतात. कंपनीचं सिलेंडर-पिस्टन घालायचं तर मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो, आणि बिननावाच्या चिनी मशीनला ‘कंपनीचं’ असं काही नसतंच. मग उरतं बाहेरचं, म्हणजे आफ्टरमार्केट किट. ‘डुप्लिकेट माल, टिकायचा नाही’ हे जो तो ऐकवतो. मला ते पटत नाही. कारखान्यात व्हायला हवी ती तपासणी या किटची झालेली नसते, एवढाच फरक. ती टेबलावर आपण करायची. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने बाहेरचं किट घेऊ नये.

१. आधी जुना पिस्टन बघा. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या भोकातून तो दिसतो. फक्त त्याच बाजूला उभे ओरखडे असतील, तर ऑइल कमी पडलं किंवा कुठून तरी जादा हवा शिरली. कार्बोरेटरच्या बाजूला मळकट, राखाडी झीज असेल, तर फाटक्या एअर फिल्टरमधून भुसा आत गेलाय. चारी अंगांना चिकटलेला पिस्टन म्हणजे मशीन तापलं. सिलेंडरच्या पात्यांमध्ये भुसा-ऑइलचा लगदा बसलेला असतो. यातलं कारण तसंच ठेवून नवं किट घातलं की तेही जातं, आणि खापर किटवर फुटतं.

हवेचा संशय असेल तर इंजिनची तोंडं बंद करून तपासा. सायलेन्सरखाली जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा आवळायचा, कार्बोरेटरची बाजूही तशीच बुजवायची आणि प्लगच्या भोकातून अर्ध्या बारच्या आसपास हवा भरायची. काटा खाली आला की साबणाचं पाणी लावा. बुडबुडे बहुतेक क्रँकच्या ऑइल सीलपाशी, नाहीतर कार्बोरेटरमागच्या रबरी बुटापाशी निघतात. सील स्वस्त असतं, इंजिन उघडलेलंच आहे, बदलून टाका.

२. किट नावावर घेऊ नका, मापावर घ्या. स्टिल एमएस १८० चा पिस्टन ३८ मिलिमीटरचा, पण त्याची गजनपिन कुठे ८ मिलिमीटरची तर कुठे १० ची असते. चिनी मशीनच्या अंगावर ५२ सीसी किंवा ५८ सीसी छापलेलं असतं. त्यांची किटं ४५ आणि ४५.२ मिलिमीटरची येतात आणि डोळ्यांना सारखीच दिसतात. व्हर्नियर लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. जुनं सिलेंडर फेकायची घाई करू नका. माझ्या मते कंपनीचं साफ केलेलं जुनं सिलेंडर आणि त्यात बाहेरचा चांगला पिस्टन ही जोडी पूर्ण बाहेरच्या किटपेक्षा सरस. जाम झालेल्या सिलेंडरमध्ये जे ओरखडे दिसतात, ते पुष्कळदा पिस्टनचं ॲल्युमिनियम प्लेटिंगवर चिकटलेलं असतं. खालचं निकेलचं प्लेटिंग शाबूत असू शकतं.

ते काढायला म्युरिॲटिक ॲसिड लागतं, बाथरूम धुवायला हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तेच. काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. काडीला कापूस गुंडाळून फक्त त्या पट्ट्यावर ॲसिड टेकवायचं, पोर्टमध्ये उतरू द्यायचं नाही. ॲल्युमिनियम विरघळताना फेस येतो. पुसायचं, पुन्हा लावायचं. फेस थांबला की पट्टा साफ झाला. एकाच जागी फेस थांबतच नसेल, तर तिथलं प्लेटिंग गेलंय आणि ॲसिड सिलेंडरचंच ॲल्युमिनियम खातंय. ते सिलेंडर भंगारात. जे वाचलं ते भरपूर पाण्याने, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच ऑइलचा हात फिरवा. शेवटी नख आडवं फिरवून बघा. नख कुठे अडकलं नाही तर सिलेंडर वापरायचं. प्लेटिंगवर होनिंगचे दगड मात्र फिरवू नका.

४. सिलेंडर नवं असेल तर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. बाहेरच्या सिलेंडरची खरी खोड इथे असते. कडा धारदार सोडलेल्या असतात. रिंग पोर्टवरून जाताना थोडी बाहेर फुगते आणि अशा कडेला अडकली की तुटते. तुकडा वर पिस्टनच्या डोक्यावर जातो, मग काहीच वाचत नाही. बारीक दगडाने कडा मोडून घ्या. हात आतून भोकाच्या दिशेने चालवा, उलटा चालवला तर प्लेटिंगची खपली निघते. ट्रान्सफरच्या वाटेत ओतकामाची चिपटं राहिलेली असतात तीही काढा. नंतर गरम साबणाच्या पाण्याने धुणं आलंच.

५. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलेंडरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकला आणि दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. बोअरच्या दर २५ मिलिमीटरला साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे ४५ च्या बोअरला ०.१८ च्या आसपास. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलेंडर खरवडते. एक टोक बारीक कानशीने घासून फट वाढवता येते. फट फारच मोठी असेल तर रिंग बदलून मागा.

६. किटमधले गजनपिनचे लॉक वापरू नका. पिस्टन चांगला निघू शकतो, पण हे लॉक बऱ्याचदा मऊ तारेचे असतात. कंपनीचे नवे घ्या, फार महाग नसतात. जुने काढलेले परत घालू नका. लॉकचं तोंड वर किंवा खाली ठेवायचं, आडवं नाही. पिस्टन वर-खाली दिशा बदलताना दर वेळी लॉकला झटका बसतो. तोंड आडवं असेल तर त्या झटक्याने लॉक दबून खाचेतून सुटू शकतो. बसवताना क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडकं कोंबा. उडालेला लॉक आत गेला तर सगळं इंजिन फोडावं लागतं.

७. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. उलटा बसवला तर रिंगची टोकं पोर्टवर येतात.

८. पॅकिंग बाहेरचं असेल तर जाडी बघा. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार सिलेंडरच्या भिंतीपर्यंत घालून फ्लायव्हील हाताने एकदा फिरवा. चेपलेलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवं. त्याहून बरंच कमी असेल तर पिस्टन डोक्याला लागेल, जास्त असेल तर कॉम्प्रेशन मिळणार नाही.

९. चालू करायची वेळ आली की ताजं पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. कोकणातल्या पावसाळ्यात कॅनमध्ये ठेवलेल्या पेट्रोलचं पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर तळाशी लोळत असतो. म्हणजे इंजिनला मिळतं ते बिनऑइलचं. ‘ऑइल बरोबर घातलं होतं’ म्हणणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं.

ऑइल मशीनच्या पुस्तकाप्रमाणे: ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलि, २५ ला १ म्हणजे ४०. पहिल्या काही टाक्या कार्बोरेटरचा एच स्क्रू जरा सैल ठेवा, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त जाईल. लाकडात न घालता पूर्ण रेस नको.

आणि जाम झालेली मशीन आणाल तेव्हा घरी खोलून, रॉकेलने धुवून आणू नका. फिल्टर, प्लग, भुसा जसा आहे तसा राहू द्या, आणि घट्ट बुचाच्या बाटलीत कॅनमधलं थोडं पेट्रोलही आणा.