संगणक अडला म्हणजे हिशोब गेला असं नाही
लिनक्स वापरणाऱ्या गटांसाठी नेहमीचे प्रश्न आणि त्यांचे उपाय



पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे: नियमित हिशोब लिहिणे. पूर्वी हे सूत्र वहीत मावायचं. आता बऱ्याच ग्रामसंघांत बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि बैठकांचे ठराव संगणकावरही असतात. वही हरवली की आपण घर उलथंपालथं करतो. पण संगणक सुरू झाला नाही की आपण लगेच म्हणतो, "गेलं सगळं!" बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. गिरणीचा पट्टा निसटला म्हणून डब्यातले गहू जात नाहीत, तसंच हे.

म्हणून या महिन्याचा पाठ हा. बैठकीत आणि फोनवर तुम्ही जे प्रश्न वारंवार विचारता, तेच इथे घेतले आहेत.

लिनक्स म्हणजे काय, आणि आपल्याकडे का?

संगणकाचं यंत्र वेगळं आणि ते चालवणारी प्रणाली वेगळी. विंडोज ही एक प्रणाली, लिनक्स ही दुसरी. फिनलंडमध्ये शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हापासून जगभरातले हजारो लोक त्यात भर घालत आले आहेत. त्याचे अनेक प्रकार आहेत. आपल्या जुन्या संगणकांवर आहे तो लिनक्स मिंट. तो घ्यायला पैसे पडत नाहीत आणि दरवर्षी परवाना भरावा लागत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला तुलनेने नवं यंत्र लागतं. चालतं यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स घालणं आपल्याला परवडतं.

आधी तीन सवयी

पहिली सवय: पडद्यावर संदेश आला की घाईने "ओके" दाबून घालवू नका. मोबाइलने त्याचा फोटो काढा. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल. मदत करणाऱ्याला "काहीतरी आलं होतं" यापेक्षा तो फोटो शंभरपट उपयोगी पडतो.

दुसरी: एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बटणं एकदम दाबली तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कोणालाच कळत नाही.

तिसरी: मोठं काही करण्याआधी फायलींची प्रत काढा. याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे, ते वगळू नका.

प्रश्न १. पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही.

दोन गोष्टी बघा. कीबोर्डवर कॅप्स लॉकचा दिवा लागलाय का? लागला असेल तर बंद करा. दुसरं म्हणजे कीबोर्ड मराठीवर राहिलाय का? पासवर्ड लिहिताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपण 'के' दाबतोय आणि तिथे 'क' जातोय हे समजत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा दिसते. ती इंग्रजी करा आणि पुन्हा सावकाश लिहा.

प्रश्न २. पेन ड्राइव्हवर फाइल टाकली होती, बँकेत उघडली तर रिकामी निघाली.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. फाइल पेन ड्राइव्हवर टाकली की पडद्यावर काम झाल्यासारखं दिसतं, पण प्रत्यक्षात संगणक मागून लिहीतच असतो. तेवढ्यात पेन ड्राइव्ह उपटला की फाइल अर्धवट राहते. फोल्डरच्या खिडकीत डावीकडे पेन ड्राइव्हच्या नावापुढे बाहेर काढण्याचं छोटं बाणाचं चिन्ह असतं. ते दाबा, "आता काढायला हरकत नाही" अशा अर्थाचा संदेश येईपर्यंत थांबा, मगच काढा. कधी मिनिटभर लागतं. बँकेची एक फेरी वाचते, एवढं लक्षात ठेवा.

याचाच जोडप्रश्न: "पेन ड्राइव्हमधलं सगळं पुसलं, तरी तो भरलेलाच दाखवतो." लिनक्समध्ये पुसलेली फाइल त्याच पेन ड्राइव्हवरच्या लपलेल्या कचरापेटीत जाते. पेन ड्राइव्ह लावलेला असतानाच कचरापेटी रिकामी करा, म्हणजे जागा मोकळी होईल. रिकामी करण्याआधी आत चुकून कामाचं काही गेलं नाही ना, तेवढं बघा.

प्रश्न ३. बँकेने एक्सेलची फाइल पाठवली. आपल्याकडे एक्सेल नाही.

चालतं. आपल्याकडे लिब्रेऑफिस आहे. त्यातलं 'कॅल्क' एक्सेलच्या फायली उघडतं, त्यात आकडे भरता येतात, बेरजा होतात. सेव्ह करताना ते विचारतं की फाइल कोणत्या प्रकारात ठेवायची. बँकेला किंवा पंचायत समितीला भरून परत पाठवायची असेल तर एक्सेलचाच प्रकार ठेवा. फक्त आपल्यासाठी असेल तर ओडीएस प्रकार निवडा.

आणि समोरच्याने नुसतं वाचायचं असेल, उदाहरणार्थ मासिक अहवाल, तर पीडीएफ करून पाठवा. वरच्या पट्टीत त्याचं बटण असतं. पीडीएफमध्ये रकाने सरकत नाहीत, अक्षरं बदलत नाहीत आणि चुकून कोणाच्या हातून आकडाही बदलत नाही.

प्रश्न ४. जुन्या ठरावाची फाइल उघडली तर मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं!

फाइल खराब झालेली नाही. पुसू नका. पूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये व्हायचं. त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. तो फॉन्ट या संगणकावर नसला की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. उपाय म्हणजे तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. हे बदलून देणारी साधनं मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि आकडे मूळ कागदाशी ताडून बघा. यापुढचं सगळं लिखाण युनिकोडमध्येच करा. मोबाइलवर आपण जी मराठी लिहितो ती युनिकोडच असते, त्यामुळे ती कुठेही वाचता येते.

प्रश्न ५. प्रिंट दिली, पण प्रिंटर ढिम्म.

क्रमाने बघा: प्रिंटर सुरू आहे का, वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का, कागद आहे का. हे ठीक असेल तर संगणकात प्रिंटरची रांग उघडा. आधीची एखादी प्रिंट अडकून बसली असेल तर तिच्यामागच्या सगळ्या प्रिंट थांबतात. आपण मात्र पुन्हा पुन्हा "प्रिंट" दाबतो आणि रांग वाढवतो. मग प्रिंटर सुरू झाला की एकाच कागदाच्या दहा प्रती बाहेर! रांगेतल्या अडकलेल्या प्रिंट रद्द करा, प्रिंटर बंद करून सुरू करा, आणि एकदाच प्रिंट द्या.

ग्रामसंघ नवीन प्रिंटर घेणार असेल तर ठराव करण्याआधी दुकानदाराला विचारा: "हा लिनक्सवर चालतो का? लावून दाखवा." काही प्रिंटर लावल्याबरोबर चालतात, काहींना खटपट करावी लागते. बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्राबद्दलही हाच प्रश्न विचारायचा.

प्रश्न ६. लाईट गेली, हिशोब लिहित होते. आता फाइल "लॉक आहे" म्हणते.

फाइल उघडी असताना लिब्रेऑफिस तिला एक खुणेची चिठ्ठी लावून ठेवतं, म्हणजे दोघींनी एकदम लिहू नये. लाईट गेली की ती चिठ्ठी तशीच राहते. दुसऱ्या कोणी ती फाइल उघडलेली नाही याची खात्री करा आणि मग उघडा. लिब्रेऑफिस सहसा स्वतःहून विचारतं, "अर्धवट राहिलेली फाइल परत आणू का?" हो म्हणा. मात्र शेवटच्या काही मिनिटांचं काम गेलेलं असू शकतं, म्हणून शेवटच्या नोंदी वहीशी जुळवा. दर चार-पाच नोंदींनंतर कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबायची सवय लावा. ओव्या म्हणता म्हणता जात्यात मूठ टाकावी तसं हाताला वळण पडतं.

प्रश्न ७. इंटरनेट आहे, पण प्रत्येक संकेतस्थळ "धोकादायक" म्हणतं.

घड्याळ बघा. तारीख काही वर्षं मागची दिसतेय का? जुन्या संगणकात आत नाण्यासारखा एक छोटा सेल असतो. तो संपला की यंत्र बंद केल्यावर तारीख विसरतं. तारीख चुकीची असली की ब्राउझरला संकेतस्थळाचं प्रमाणपत्र अवैध वाटतं. तारीख नीट करा, काम सुरू होईल. रोज असं होत असेल तर सेल बदलून घ्या. त्यासाठी नवीन संगणक लागत नाही.

आणि वायफाय चालत नसेल तर मोबाइल वायरने जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लिनक्स बहुतेक वेळा लगेच ओळखतं.

प्रश्न ८. खाली ढालीचं चिन्ह आलंय. दाबू का?

हो. ते अपडेट मॅनेजर आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या तिथून येतात. पासवर्ड विचारेल, तो या संगणकाचा पासवर्ड, बँकेचा नाही. लाईट जाण्याची वेळ टाळा आणि मध्येच बंद करू नका.

पण एक सांभाळा. कोणी फोनवर किंवा व्हिडिओत सांगतं, "ही ओळ टर्मिनलमध्ये टाका." ओळ 'सुडो' या शब्दाने सुरू होत असेल तर तिला संगणकावरचा पूर्ण अधिकार मिळतो. ती काय करते हे समजल्याशिवाय टाकायची नाही. कोरा धनादेश सही करून देतो का आपण?

आता सगळ्यात महत्त्वाचं: "फॉरमॅट मारावं लागेल"

आपल्या भागातल्या एका ग्रामसंघाचा संगणक कर्जप्रस्ताव द्यायच्या दोन दिवस आधी सुरूच होईना. तालुक्याच्या दुकानात नेला तर उत्तर आलं, "फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून नव्याने प्रणाली टाकणे. लेखनिक ताईंनी एकच प्रश्न विचारला: "आधी आतल्या फायली बाहेर निघतील का?" निघाल्या. सगळ्या गटांच्या परतफेडीच्या नोंदी त्यात होत्या. ताईंनी विचारलं नसतं तर महिला पुन्हा वह्या घेऊन बसल्या असत्या, आणि प्रस्तावाची तारीख टळली असती.

हे कसं होतं ते समजून घ्या. लिनक्स पेन ड्राइव्हवरूनही चालू करता येतं. संगणकातली प्रणाली बिघडली असली तरी पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने यंत्र सुरू करायचं, आतली डिस्क उघडायची आणि आपल्या नावाचं 'होम' फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. आपल्या फायली शक्यतो याच फोल्डरमध्ये असतात. डिस्क स्वतः मेलेली असेल तर मात्र हे जमत नाही. म्हणूनच प्रत आधीपासून हवी.

मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' नावाची सोय आहे. ती प्रणालीला मागच्या चांगल्या स्थितीत नेते. पण नेहमीच्या रचनेत ती आपल्या फायलींची प्रत ठेवत नाही. "टाइमशिफ्ट आहे ना" म्हणून निर्धास्त राहू नका.

दुरुस्तीला यंत्र देताना तीन गोष्टी बोलून, लिहून द्या: फायली आधी काढून द्याव्यात, आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, काढलेल्या फायली आमच्यासमोर उघडून दाखवाव्यात. हे विचारण्यात संकोच कसला? यंत्र दुरुस्त करणं त्यांचं कौशल्य आहे, पण आतला हिशोब शंभर घरांच्या घामाचा आहे. तो राखायचा अधिकार आणि जबाबदारी आपली.

या महिन्यात गटात करायचं काम

१. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव घ्या: दर महिन्याच्या बैठकीनंतर हिशोबाच्या फोल्डरची प्रत दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढायची. एक कार्यालयात, एक अध्यक्ष किंवा सचिव ताईंच्या घरी कुलपात.
२. प्रत काढली की त्यातली एक फाइल उघडून बघा. न उघडलेली प्रत ही प्रत धरू नका.
३. संगणकाचा पासवर्ड एकटीलाच माहीत नको. बंद पाकिटात लिहून, सही करून दप्तरात ठेवा.
४. संगणकाजवळ एक वही ठेवा. तारीख, काय अडलं, काय संदेश आला, कशाने सुटलं, एवढं लिहा. सहा महिन्यांत तुमच्या गावचं स्वतःचं दुरुस्तीचं पुस्तक तयार होईल.
५. लेखनिक ताईंबरोबर आणखी एकीने तरी पेन ड्राइव्ह बाहेर काढणं, प्रिंटची रांग साफ करणं आणि पीडीएफ करणं ही तीन कामं स्वतःच्या हाताने करून बघावीत. नुसतं शेजारी बसून बघितलं तर ते धरायचं नाही.

तुमच्या वहीत न सुटलेला प्रश्न राहिला तर संदेशाच्या फोटोसह पुढच्या प्रभाग बैठकीत घेऊन या. तिथे सगळ्याजणी मिळून सोडवू.