रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास का?

“डॉक्टर, ईसीजी चांगला, टू-डी इको चांगला, एंडोस्कोपीतही काही निघालं नाही. मग छातीत धडधडतं का? जेवलं की पोट का फुगतं?” असं विचारणारे रुग्ण ओपीडीत रोज येतात. सोबतचं माणूस हळूच सांगतं, “काही नाही हो, टेन्शन फार घेतात.”

हे ‘काही नाही’ मला मान्य नाही. अशा तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे त्या अवयवात मोठा दोष सापडला नाही, एवढंच. त्याचं रोजचं काम ताणामुळे बिघडू शकतं आणि तो त्रास खराच असतो.

शरीरात घडतं काय?

धोका जाणवला की मेंदू मूत्रपिंडांच्या डोक्यावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना कामाला लावतो. ॲड्रिनॅलिन रक्तात उतरतं. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात, पचन मागे पडतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं आणि रक्तातली साखर वाढवतं. अंगावर बैल धावून आला तर याच तयारीमुळे जीव वाचतो. पण घराचा हप्ता, मुलाची दहावी, साहेबांचा रात्री साडेदहाचा मेसेज यांच्यापासून पळता येत नाही, आणि शरीर मात्र दिवसचे दिवस पळायच्या तयारीत राहतं.

मग मान-खांदे धरतात, संध्याकाळी डोकं आवळल्यासारखं दुखतं. कुणाला घराबाहेर पडण्याआधी तीनदा शौचाला जावं लागतं, तर कुणाचं पोट साफच होत नाही. पथ्य पाळूनही साखर चढते. पाळी पुढेमागे होते, सोरायसिस उफाळतो. जखमही लवकर भरत नाही. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूला दोनदा बारीक जखम करून पाहिली होती. सुट्टीतल्यापेक्षा परीक्षेच्या तोंडावर ती भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला.

मनाची तक्रार बहुतेकदा झोपेपासून सुरू होते. पहाटे तीनला जाग येते आणि हिशेब सुरू होतात. मग दिवसा चिडचिड, विसराळूपणा. अपुऱ्या झोपेने ताण वाढतो आणि वाढलेला ताण पुन्हा झोप उडवतो. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे टिकलं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत.

आधी तपासणी

‘ताणच असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका. थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता यांचीही लक्षणं अशीच असतात. छातीत दाब येऊन घाम सुटला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर ॲसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

काय करावं?

• आत्ता, हे वाचताना, खांदे खाली सोडून पाहा. बोटभर तरी खाली आले ना? ते वर चढलेले असतात हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दिवसातून चार-पाच वेळा हे करा.

• चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असं पाच मिनिटं. श्वास सोडताना नाडी मंदावते.

• आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला.

• शेवटचा चहा दुपारी चारच्या आत घ्या. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात.

• झोपेसाठी दारू नको. ती झोपवते, पण उत्तररात्री झोप मोडते. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्याही आणू नका.

• डॉक्टरांना दुखणं सांगताना झोप कशी आहे, घरात आणि कामावर काय चाललंय तेही सांगा. निदानाला त्याचा रिपोर्टांइतकाच उपयोग होतो.

जगणं नकोसं वाटत असेल, तर एकटे राहू नका. जवळच्या माणसाला लगेच सांगा, किंवा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. साध्या ताणासाठीही तिथे बोलता येतं. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं आणि त्यासाठी कुणा डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.